यंत्र मे महिन्यासाठी, बिल बारा महिन्यांचे: कंपन्यांची वीज नेमकी कुठे वाचते?

पावसाळ्याच्या सुमारास भागधारकांच्या ई-मेलवर कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागतात. नफा किती आणि लाभांश किती एवढे पाहून बहुतेक जण ती फाइल बंद करतात. पण गेल्या काही वर्षांत या अहवालांत एका नव्या प्रकरणाची भर पडली आहे. सेबीच्या २०२१ मधील परिपत्रकानुसार, बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून आपण किती ऊर्जा वापरली आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती ऊर्जा खर्च झाली, हे जाहीर करावे लागते. या आकड्यांच्या शेजारी ‘हरित तंत्रज्ञानाचा अवलंब केल्यामुळे ऊर्जेच्या वापरात घट’ अशा अर्थाचे एखादे वाक्य असते आणि बहुधा हिरव्या पानाचे चित्रही असते. हे तंत्रज्ञान म्हणजे काय, ते इमारतीत कुठे बसवतात आणि त्यामुळे वीज कमी का लागते, याचा उलगडा मात्र त्या पानावर क्वचितच होतो.

आधी आकडा वाचायचा कसा

अहवालात ऊर्जा ‘गिगाज्यूल’ या एककात दिलेली असते. वीज, डिझेल, गॅस आणि कोळसा या सगळ्यांची बेरीज एकाच एककात करता यावी, एवढाच त्यामागचा हेतू. एक गिगाज्यूल म्हणजे आपल्या वीजबिलावरील सुमारे २७८ युनिट. महिन्याला २०० युनिट जाळणारे मुंबईतील कुटुंब वर्षाला साडेआठ-नऊ गिगाज्यूल वीज वापरते, हे लक्षात ठेवले की कंपनीच्या लाखो गिगाज्यूलचा अंदाज बांधता येतो.

दुसरा शब्द ‘ऊर्जा तीव्रता’. एकूण ऊर्जेला उलाढालीने किंवा उत्पादनाने भागले की जो आकडा मिळतो, ती तीव्रता. कंपन्यांना हा आकडा दाखवायला आवडतो, कारण तो सहसा घटतच असतो. आणि इथेच वाचकाने जरा सावध राहिले पाहिजे. कंपनीने मालाचे भाव दहा टक्क्यांनी वाढवले, माल तेवढाच विकला आणि वीजही तेवढीच जाळली, तरी प्रत्येक रुपयामागची ऊर्जा कमी झालेली दिसते. यात तंत्रज्ञानाचा काडीचाही वाटा नसतो. म्हणून उलाढालीपेक्षा एक टन सिमेंटमागे, एक मीटर कापडामागे किंवा कार्यालयाच्या एका चौरस मीटरमागे लागलेली ऊर्जा पाहणे अधिक प्रामाणिक ठरते. शिवाय नवीकरणीय विजेचा वाटा वाढणे आणि विजेचा वापर कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत वीज कुठून येते ते बदलते, दुसरीत ती लागतेच कमी. हा लेख दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

मुंबईला याचे एवढे का पडले आहे?

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ जाहीर केला आणि २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन, हे उद्दिष्ट ठरवले. त्या आराखड्यातील हिशेबानुसार शहराच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात दोन तृतीयांशाहून अधिक वाटा ऊर्जेचा, मुख्यतः इमारतींमध्ये वापरल्या जाणाऱ्या विजेचा आहे. वाहनांचा धूर डोळ्यांना दिसतो आणि विजेचा धूर डहाणू, ट्रॉम्बे किंवा त्याहून दूर निघतो, म्हणून हे प्रमाण अनेकांना अनपेक्षित वाटते. देशातील ग्रिडवर एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. उन्हाळ्याच्या तडाख्यात मुंबईची विजेची मागणी आता ४,००० मेगावॉटच्या वर जाते, आणि खाडी व समुद्राने वेढलेल्या या शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांना जागा मोजकीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी लोकल गाड्यांसह शहराचा मोठा भाग काही तास ठप्प झाला, तेव्हा ही अडचण सर्वांनी अनुभवली. अशा शहरात ऐन मागणीच्या वेळी वाचवलेला प्रत्येक किलोवॉट नव्या वाहिनीवरचा भार तेवढा हलका करतो.

मूळ गोष्ट: मोठे यंत्र आणि छोटी गरज

कार्यालयाची वातानुकूलन यंत्रणा ठरवताना अभियंता मे महिन्यातील सर्वांत वाईट दुपार डोळ्यांसमोर ठेवतो. त्या दुपारी सगळी खुर्च्या-टेबले भरलेली असतील, काचेवर ऊन असेल आणि हवेत दमटपणा असेल, असे तो गृहीत धरतो आणि वर थोडी क्षमता राखीव ठेवतो. पुढे पंप निवडणाराही थोडी राखीव ठेवतो आणि मोटर निवडणाराही. यात कोणाचीच चूक नाही, कारण थंडावा कमी पडला तर बोलणी खावी लागतात आणि क्षमता जास्त झाली तर कोणी विचारत नाही. परिणाम असा की ती भीषण दुपार वर्षातून काही तासच येते, पण तिच्यासाठी निवडलेले यंत्र वर्षभर चालते, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत ते प्रत्येक वेळी जवळपास पूर्ण वेगानेच चालते.

मग गरज कमी असताना काय करत असत? पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करत किंवा पंख्यापुढची झडप ओढून घेत. गॅस मोठाच ठेवायचा आणि दूध उतू जाऊ नये म्हणून पातेले अर्धे बाजूला सरकवायचे, असा हा प्रकार झाला. घरी कोणीही असे करणार नाही. पण मुंबईतील कित्येक इमारतींच्या प्लँट रूममध्ये आजही नेमके हेच चाललेले असते, कारण तिथला गॅस बारीक करायचे बटणच बसवलेले नसते.

ते बटण म्हणजे व्हीएफडी. विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे हे उपकरण कपाटाएवढ्या किंवा त्याहून लहान पेटीत मावते. घरातील ‘इन्व्हर्टर एसी’मध्ये याच तत्त्वाचे छोटे रूप असते. त्याची ताकद एका नियमात आहे, जो पंप आणि पंखे या दोन्हींना लागू पडतो: पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर प्रवाह ८० टक्के मिळतो, पण शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्केच लागते. प्रवाहात पाचव्या हिश्शाची काटछाट केली की वीज जवळपास निम्मी वाचते.

हिशेबच करून पाहू. समजा, थंड पाणी फिरवणारा ३० किलोवॉटचा पंप रोज १२ तास, वर्षातून ३०० दिवस चालतो. पूर्ण वेगाने तो वर्षाला १,०८,००० युनिट घेईल. सरासरी वेग ८० टक्के ठेवता आला तर तोच आकडा ५५,००० च्या आसपास येतो. व्हीएफडी स्वतः थोडी वीज खाते, ती वजा केली तरी ५०,००० युनिट उरतात, आणि १२ रुपये युनिट धरले तर वर्षाला सहा लाख रुपये. एवढ्या क्षमतेचे उपकरण त्याहून बरेच स्वस्त मिळते.

मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत अशी एक मर्यादा इथे आहे. घनाचा हा नियम पाणी किंवा हवा वर्तुळात फिरत असेल तिथे चांगला लागू पडतो. तळघरातील टाकीतून तिसाव्या मजल्यावरच्या टाकीत पाणी चढवायचे असेल, तर बहुतेक शक्ती उंचीशी झगडण्यात जाते. वेग फार कमी केला की पाणी वर पोचणेच बंद होते. अशा पंपावर व्हीएफडी बसवून निम्मे बिल होईल, असे कोणी सांगत असेल तर त्याला कागद-पेन्सिल देऊन बसवावे.

गरजेपुरते चालणे ही कल्पना मुंबईला नवी नाही. गिरणगावातील जुन्या गिरण्यांत बॉयलरवर चालणारे एक मोठे इंजिन असे आणि त्यापासून लांबच लांब शाफ्ट व पट्टे सगळ्या खात्यांतून फिरत. थोडेच माग चालू असले तरी सगळा शाफ्ट फिरवावा लागे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि हळूहळू विजेच्या मोटरी आल्या, तेव्हा हव्या त्या भागापुरतीच शक्ती वापरण्याची वाट मोकळी झाली. आजचे बरेचसे हरित तंत्रज्ञान त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे आहेत. त्यात सौर पॅनेलसारखे दिसायला काही नसते, म्हणून त्याचे फोटो छापले जात नाहीत.

थंडावा, आणि त्याहून जास्त खर्चिक दमटपणा

मुंबईतील पूर्ण वातानुकूलित कार्यालयात विजेचा सर्वांत मोठा वाटा थंडाव्याचा असतो. मोठ्या इमारतीत हे काम ‘चिलर’ करतो: तो पाणी साधारण ७ अंशांपर्यंत थंड करतो, ते पाणी मजल्यामजल्यावर फिरते, आणि आतून शोषलेली उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकली जाते. चिलरची क्षमता ‘टना’त मोजतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढा हा वेग, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईत येत असे, त्या काळाची आठवण या एककात राहिली आहे.) चिलर चांगला की वाईट हे एका टनामागे तो किती किलोवॉट वीज घेतो यावरून ठरते. थकलेले जुने चिलर एकाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त घेतात, तर चुंबकीय बेअरिंगवर तेलाशिवाय फिरणारे नवे चिलर ०.६ किंवा त्याहून कमी. हे नवे चिलर अर्ध्या भाराला आणखी काटकसरीने चालतात, आणि वर पाहिल्याप्रमाणे वर्षाचा बहुतेक काळ अर्ध्या भाराचाच असतो.

पण मुंबईत निम्मी लढाई तापमानाशी नसून पाण्याच्या वाफेशी असते. हवेतील एक लिटर पाणी बाहेर काढायचे तर सुमारे ०.७ युनिट एवढी उष्णता शोषून घ्यावी लागते, आणि हे पाणी बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेबरोबर सतत आत येत असते. ताजी हवा बंद करता येत नाही, कारण माणसांना श्वास घ्यायचा असतो. इथे दोन उपाय उपयोगी पडतात. पहिला म्हणजे उष्णता-पुनर्प्राप्ती चाक: बाहेर जाणारी थंड, कोरडी हवा आणि आत येणारी गरम, दमट हवा एका फिरत्या चाकातून जातात आणि जाणारी हवा येणाऱ्या हवेतील उष्णता व ओलावा बऱ्याच अंशी आपल्याबरोबर परत नेते. दुसरा उपाय कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर. खोलीत माणसे किती आहेत हे या वायूच्या प्रमाणावरून कळते. सभागृह रिकामे असेल तर यंत्रणा ताजी हवा कमी करते, भरले की वाढवते. आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करण्याच्या काळात अर्धे रिकामे मजले पूर्ण भरल्याप्रमाणे थंड करणे ही निव्वळ उधळपट्टी आहे, आणि ती थांबवायला नवा चिलर लागत नाही.

आता कार्यालयात पांघरल्या जाणाऱ्या शालीविषयी. बाहेर घामाच्या धारा आणि आत स्वेटर किंवा शाल, हे मुंबईच्या अनेक कार्यालयांतील नेहमीचे चित्र आहे. त्यामागे अनेकदा तांत्रिक कारण असते: हवेतील ओलावा काढण्यासाठी हवा खूप थंड करावी लागते, आणि जुन्या यंत्रणेत ओलावा व तापमान यांचे नियंत्रण वेगवेगळे नसते. ताज्या हवेतील ओलावा स्वतंत्र यंत्रात आधीच काढून टाकला, तर खोलीतील तापमान २४-२५ अंशांवर ठेवूनही सुखकारक वाटते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, म्हणजे उपकरणांवर तारे छापणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, अंदाजानुसार एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात ते याच कारणाने.

थंडाव्याच्या हिशेबात एक बाब मात्र वीजबिलावर दिसत नाही, ती म्हणजे एसीतील वायू. आर-४१०ए हा प्रचलित वायू एक किलो गळला, तर त्याचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढा असतो; म्हणजे जवळजवळ तीन हजार युनिट वीज वाचवून जे कमावले ते एका गळतीत गेले. भारताने २०२१ मध्ये मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. दरवर्षी ‘गॅस भरून’ घेणाऱ्या कंपनीने त्याआधी गळती शोधून घ्यावी.

हॉटेल आणि रुग्णालये: एकाच वेळी गरम आणि थंड

हॉटेलात एका मजल्यावर चिलर उष्णता बाहेर फेकत असतो आणि तळघरात बॉयलर डिझेल किंवा गॅस जाळून आंघोळीचे व धुलाईचे पाणी तापवत असतो. उष्णता फेकायची आणि तीच विकत घ्यायची, असा हा दुहेरी खर्च आहे. हीट पंप म्हणजे एका बाजूची उष्णता उचलून दुसऱ्या बाजूला नेणारे यंत्र. गीझर एका युनिट विजेपासून फार तर एका युनिटएवढी उष्णता देतो. हीट पंप तीन किंवा अधिक युनिटएवढी देतो, कारण तो उष्णता निर्माण न करता केवळ हलवतो, आणि त्याची दुसरी बाजू थंड होते तो थंडावा इमारतीला फुकट मिळतो. थंड देशांत अशा यंत्राला हिवाळ्यात उष्णता मिळवण्यासाठी झगडावे लागते. मुंबईत ती बाराही महिने उपलब्ध आहे.

छोट्या कारखान्यात: हवेची गळती आणि मोटरची किंमत

साकीनाक्याच्या वर्कशॉपपासून रबाळ्याच्या औषध कारखान्यापर्यंत सगळीकडे दाबाची हवा वापरली जाते, आणि ती बहुधा कारखान्यातील सर्वांत महाग ऊर्जा असते. कंप्रेसरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम १०-१५ टक्के उपयुक्त कामात उतरते. बाकीची उष्णता होऊन जाते. त्यात गळती. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचे एक भोक सुमारे तीन किलोवॉट खाते. कंप्रेसर रात्रंदिवस चालू असेल तर वर्षाला २६,००० युनिट.

गळती मोजायला सल्लागार लागत नाही. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कंप्रेसर सुरू करावा आणि तो किती मिनिटे लोडवर चालतो व किती मिनिटे थांबतो ते घड्याळाने पाहावे. हवा कोणीच वापरत नसताना तो दहापैकी तीन मिनिटे चालत असेल, तर कंप्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा गळते आहे. यानंतर दाब पाहावा. कामाला सहा बार पुरत असताना ‘असू दे’ म्हणून सात बार ठेवण्याची सवय असते, आणि एक बार कमी केल्याने सहा-सात टक्के वीज वाचते.

मोटरच्या बाबतीत आपल्याकडील खरेदीची पद्धतच उलटी आहे. १५ किलोवॉटची मोटर लाखाच्या आत येते, पण वर्षाला ६,००० तास पूर्ण भारावर चालली तर वरच्याच १२ रुपये दराने ती अकरा-बारा लाखांची वीज खाते. असे असूनही भाव करताना घासाघीस होते ती मोटरच्या किमतीत. आयई३ किंवा आयई४ दर्जाची मोटर आयई१ पेक्षा काही टक्केच अधिक कार्यक्षम असते, पण ते काही टक्के रोजचे असतात. जळालेली मोटर पुन्हा पुन्हा रिवाइंड करून वापरली की दर वेळी कार्यक्षमता थोडी खाली येऊ शकते; मोठ्या आणि सतत चालणाऱ्या मोटरचे तिसऱ्यांदा रिवाइंडिंग करण्यापेक्षा नवी घेणे सहसा स्वस्त पडते.

एलईडी दिव्यांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी अजून बदलले नाहीत त्यांनी बदलावेत.

डेटा सेंटरचे काय?

ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली, पवई या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या खिडक्या नसलेल्या इमारती म्हणजे डेटा सेंटर. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातील डेटा सेंटरची सर्वाधिक गर्दी इथेच आहे. त्यांची कार्यक्षमता ‘पीयूई’ या गुणोत्तरात सांगतात: इमारतीला लागलेली एकूण वीज भागिले संगणकांना मिळालेली वीज. आकडा १.६ असेल तर संगणकांच्या प्रत्येक युनिटमागे ०.६ युनिट मुख्यतः थंडाव्यावर जाते. थंड प्रदेशात बाहेरची हवा आत घेऊनच काम भागते. मुंबईच्या दमट हवेत ती सोय जवळजवळ नाही, म्हणून युरोपातील आकड्यांशी इथल्या केंद्राची तुलना करणे अन्यायाचे आहे.

तरीही वाव मोठा आहे. सर्व्हरच्या पुढची थंड हवा आणि मागची गरम हवा यांच्यामध्ये पडदे किंवा दारे लावून दोन्ही वेगळ्या ठेवणे हा सर्वांत साधा उपाय. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांपर्यंत चालते, असे या क्षेत्रातील सर्वमान्य मार्गदर्शन आहे. तरीही भीतीपोटी ती २० अंशांवर ठेवणारी केंद्रे असतात. गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले की पंप, चिलर आणि टॉवर यांचे एकत्रित नियंत्रण आपल्या डीपमाइंड या शाखेच्या संगणकप्रणालीच्या शिफारशींनुसार केल्यावर थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाली. त्या प्रयोगात यंत्रे होती तीच होती. ती केव्हा, किती आणि कोणत्या जोडीने चालवायची एवढेच बदलले.

पीयूई या आकड्याची एक खोच अशी की संगणक स्वतः किती वीज वाया घालवतात ते त्यात दिसत नाही. काहीही काम न करणारा जुना सर्व्हरही पूर्ण भाराच्या निम्म्यापर्यंत वीज घेत बसू शकतो. असे सर्व्हर शोधून बंद केले तर वीज वाचते, पण भाजक कमी झाल्यामुळे पीयूई प्रत्यक्षात बिघडलेला दिसू शकतो. जाहिरातीत पीयूई सांगणाऱ्या केंद्राला सर्व्हर सरासरी किती टक्के कामात असतात, हे जरूर विचारावे.

‘एवढा खटाटोप कशाला? गच्चीवर सौर पॅनेल लावून टाका’

ढोबळ गणित करू. एक किलोवॉट सौर पॅनेलला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. लोअर परळमधील वीस मजली इमारतीचा प्रत्येक मजला १,५०० चौरस मीटरचा धरला आणि कूलिंग टॉवर, टाक्या व लिफ्टची खोली सोडून निम्मी गच्ची मोकळी मिळाली, तर ७५ किलोवॉट बसतील आणि वर्षाला सुमारे १.१ लाख युनिट मिळतील. वीस मजल्यांच्या ३०,००० चौरस मीटरला प्रत्येकी १५० युनिट धरले तर वापर ४५ लाख युनिटांचा. सौर वाटा अडीच टक्के. पसरट, बैठ्या कारखान्याचे गणित पूर्णपणे वेगळे असते आणि तिथे पॅनेल लावलेच पाहिजेत. उंच इमारतीत मात्र एका व्हीएफडीची बचत गच्चीवरच्या निम्म्या पॅनेलएवढी असू शकते.

हरित वीज बाहेरून विकत घेण्याचा मार्गही आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान वीजमागणीची मर्यादा एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराच्या कंपन्यांनाही तो खुला झाला. पण वापर घटवण्याआधी वीज खरेदीचा दीर्घ करार केला, तर उद्या न लागणारी वीजही आज बांधून घेतली जाते. क्रम आधी काटकसर आणि मग खरेदी, असाच हवा.

‘बचत झाली की माणूस जास्तच वापरतो’

ही शंका जुनी आहे. वाफेची इंजिने काटकसरी झाल्यावर इंग्लंडमध्ये कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढतो, असे निरीक्षण विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये नोंदवले होते. शंकेत तथ्य आहे. संगणन स्वस्त झाल्यामुळे डेटा सेंटर वाढली, हे डोळ्यांसमोरचे उदाहरण. परंतु बिल कमी आले म्हणून कार्यालय कोणी १८ अंशांवर नेत नाही, आणि गळती थांबली म्हणून कोणी जास्त हवा वापरत नाही. कोणत्या वापराला वरची मर्यादा आहे आणि कोणत्याला नाही, हे पाहूनच या आक्षेपाचे वजन ठरवावे लागते.

चांगले चालणारे यंत्र भंगारात काढण्याबद्दलचा आक्षेप अधिक रास्त आहे. वर्षातून काही तासच चालणारी मोटर किंवा राखीव पंप बदलण्यात अर्थ नाही. तिथे जुनेच ठेवावे. सतत चालणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी, कारण त्याने आयुष्यभरात जाळलेल्या विजेपुढे ते बनवताना लागलेली ऊर्जा नगण्य असते.

मग सगळे करत का नाहीत?

मुंबईतील खरे उत्तर भाडेकरारात सापडते. वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ किंवा अंधेरीतील बहुतेक कंपन्या भाड्याच्या जागेत आहेत. चिलर विकत घेतो मालक आणि वीजबिल भरतो भाडेकरू. मालकाने महागडा, काटकसरी चिलर घेतला तर फायदा भाडेकरूला. भाडेकरू तीन-पाच वर्षांत जागा सोडणार, म्हणून तो दुसऱ्याच्या इमारतीत पैसे घालत नाही. त्यातून थंडाव्याचा खर्च चौरस फुटावर आकारला जात असेल, तर रात्री मजला बंद करणारा आणि चालू ठेवणारा दोघेही सारखेच पैसे भरतात.

यावर उपाय आहेत, पण ते यंत्राचे नसून कागदाचे आहेत. प्रत्येक मजल्याला थंडाव्याचा स्वतंत्र मीटर, ज्याला प्लँट रूमची माणसे बीटीयू मीटर म्हणतात, बसवला की वापरेल त्याने भरायचे हे ठरते. मालकाने गुंतवणूक करायची आणि सिद्ध झालेल्या बचतीतील ठरलेला हिस्सा काही वर्षे देखभाल आकारात वसूल करायचा, अशी तरतूद भाडेकरारात घालता येते. दोघांकडेही पैसे नसतील तर ‘एस्को’ म्हणजे ऊर्जा सेवा कंपनी स्वतःच्या खर्चाने यंत्रे बसवते आणि बचतीतून आपले पैसे घेते. अशा करारांत भांडण होते ते एकाच मुद्द्यावर: बचत कशाच्या तुलनेत मोजायची? २०२०-२१ सारखे टाळेबंदीचे वर्ष आधार धरले तर कोणतीही बचत दिसणार नाही, आणि कडक उन्हाळ्याचे वर्ष धरले तर काहीही न करता बचत दिसेल. म्हणून काम सुरू होण्याआधी निदान बारा महिन्यांची मीटरची नोंद, त्या काळातील हवामान आणि भरलेल्या खुर्च्यांची संख्या करारालाच जोडावी, आणि हवामान किंवा माणसे बदलल्यास आकडा कोणत्या सूत्राने दुरुस्त करायचा तेही तिथेच लिहून दोन्ही पक्षांनी सही करावी.